डावीकडे बसणारीचं काम

माझी नात गाडी चालवते तेव्हा मी तिच्या शेजारी बसते आणि गप्प राहायचं ठरवते. पण दुबईतल्या अल बर्शातून मोठ्या रस्त्याला लागलो, पुढे एखादा लांबलचक ट्रक आला, की माझी मान आपोआप डावीकडे वळते आणि तोंडातून निघून जातं, "मोकळं आहे, जा."

"नानी, रिलॅक्स!" ती हसते. "आय हॅव मिरर्स. कॅमेरापण आहे."

खरंच आहे तिचं. आरसे आहेत, कॅमेरा आहे, आणि कुणी फार जवळ आलं तर गाडी स्वतःच टूं टूं करून ओरडते. ह्याच मुलखात एके काळी हे ओरडायचं काम माणसांना करावं लागायचं. आमच्या घरात ते बायकांकडे होतं, आणि तिथेच सगळा घोळ होता, कारण आमच्या घरात बायकांनी ओरडायचं नव्हतं.

साठच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. अमिरात नावाचा देश अजून व्हायचा होता. आम्ही दुबईत देऱ्याला दोन खोल्यांच्या घरात राहायचो, अब्बा, आम्मा आणि मी. अब्बा म्हणजे माझे सासरे, आम्मा म्हणजे सासूबाई. नवरा अबू धाबीकडे वाळवंटात तेलाच्या कॅम्पवर होता, अधूनमधून सुट्टीला यायचा. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. अब्बांचा धंदा साधा होता. दुबईच्या बाजारातून चहा, साखर, साबण, कापड उचलायचं आणि दर आठवड्याला शारजा, उम्म अल कुवैन, रास अल खैमाच्या दुकानांत नेऊन द्यायचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक जुनी जीपगाडी होती. तिच्यावर त्यांचा माझ्या नवऱ्यापेक्षा कांकणभर जास्तच जीव होता.

तिथे आधी आपल्यासारख्याच गाड्या डाव्या बाजूने चालायच्या. मग हुकूम निघाला, की अमुक दिवसापासून सगळ्यांनी उजव्या बाजूने चालवायचं. माणसं रडतखडत शिकली. उंटांना आणि आमच्या जीपगाडीला मात्र कुणी कळवलं नाही. तिचं स्टिअरिंग होतं तसं उजवीकडेच राहिलं. आता रस्ताही उजवीकडचा आणि चालवणाराही अगदी उजव्या कडेला बसलेला, म्हणजे पुढे ट्रक असला की अब्बांना ट्रकची मागची फळी सोडून काही दिसायचं नाही. ट्रकला मागे टाकायचं तर डावीकडून काढायची गाडी, आणि डावीकडे समोरून काय येतंय हे फक्त डाव्या सीटवर बसलेल्यालाच दिसणार. तशा उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तेव्हा पुष्कळ होत्या आणि त्या सगळ्यांत डावीकडे कुणी ना कुणी बसवलेला असायचा. आमच्या गाडीत आम्मा बसायच्या.

अब्बा विचारायचे, "मोकळं?"

आम्मा म्हणायच्या, "बिस्मिल्ला." म्हणजे जा. काही बोलल्या नाहीत, तर थांबायचं.

मी मागे साखरेच्या पोत्यांवर बसून हे बघायची. एकदा माझ्या लक्षात आलं, की 'बिस्मिल्ला' म्हणताना आम्मांचे डोळे गच्च मिटलेले असतात. मला वाटलं, डोळ्यांत धूळ गेली असेल. पुढच्या वेळी पाहिलं, तेव्हाही मिटलेले. मी मागच्या मागे कलमा म्हणायला लागले. सांगणार कुणाला? सासूची चहाडी सासऱ्याकडे करायची, तर आधी सासऱ्याशी बोलावं लागतं.

आणि मी अब्बांशी बोलत नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं, ती आमच्याकडची रीत होती. सुनेने सासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घ्यायचा, विचारलेल्याला मान हलवायची. जेवण वाढलं हे सांगायचं असेल तर दाराआड उभं राहून हातातल्या बांगड्या चौकटीवर वाजवायच्या. अब्बा लगेच उठायचे. चहा झाला तरी बांगड्या, कुणी भेटायला आलं तरी बांगड्या. माझ्या हातात लग्नातला हिरवा चुडा होता, त्याचा आवाज छान खणखणीत यायचा. निकाह झाल्यापासून त्या माणसाने माझा आवाज म्हणून तेवढाच ऐकला होता.

त्या वर्षी धाकट्या नणंदेचं बाळंतपण आलं म्हणून आम्मा बोटीने मुंबईला आणि तिथून गावी गेल्या. मी घरात एकटी. शिवाय मलाही दिवस गेले होते. दिवसभर सुनेला एकटं ठेवायचं अब्बांच्या जिवावर आलं. त्यांनी मुलाला शब्द दिला होता, की पोरीला जपतो. मग ठरलं, की फेरीला निघताना मीही गाडीत बसायचं, डावीकडे, आम्मांच्या जागेवर. पोत्यांवरचे धक्के माझ्या अवस्थेत नकोत, असं अब्बांनी शेजारणीला सांगितलं आणि शेजारणीने मला.

पहिल्याच फेरीला शारजाच्या पुढे ट्रक आडवा आला. अब्बांनी सवयीने विचारलं, "मोकळं?" आणि मग त्यांनाच आठवलं, शेजारी कोण बसलंय ते. ते खाकरले. मी पदर ओढला. थोडा वेळ आम्ही दोघे त्या ट्रकमागची धूळ खात गेलो. मग मी हळूच उजव्या हाताने दाराच्या कडीवर... नाही, डावा हात होता, दार डावीकडे होतं. डाव्या हाताच्या बांगड्या मी कडीवर वाजवल्या. रस्ता मोकळा होता. अब्बांचा चेहरा उजळला. "शाबास," असं स्टिअरिंगला म्हणाले आणि त्यांनी गाडी काढली.

झालं, आमची भाषा ठरली. बांगड्या वाजल्या तर जायचं, नाही वाजल्या तर थांबायचं. दोघांनाही आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. मी तर मनातल्या मनात म्हणत होते, आम्मांपेक्षा मी बरी, डोळे तरी उघडे ठेवते. असे काही आठवडे गेले.

उम्म अल कुवैनच्या अलीकडे मोठी सबखा लागते. सबखा म्हणजे आमच्याकडच्या खाजणासारखी खारी जमीन, वरून पापडासारखी कडक आणि खाली चिखल. तिच्यावर भराव घालून नवा रस्ता बांधायचं काम चालू होतं. भराव उंच, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढा, आणि दोन्ही बाजूंना उतरायला जागा नाही. दगड भरलेले ट्रक दिवसभर ये-जा करायचे. त्या सकाळी आम्ही अशाच एका भरलेल्या ट्रकच्या मागे अडकलो. समुद्राकडून, म्हणजे डावीकडून वारा होता. तो सगळी धूळ अब्बांच्या बाजूला लोटत होता. ट्रकमधून बारीक खडी उडून काचेवर येत होती. अब्बा वैतागले होते. उम्म अल कुवैनचा दुकानदार जुहरच्या, दुपारच्या नमाजाआधी दुकान बंद करून घरी जाई.

"मोकळं?" त्यांनी विचारलं.

मी बाहेर वाकून पाहिलं. समोरून एक रिकामा ट्रक येत होता, रिकामे ट्रक येतात तसा भरधाव. मी हात पदराखाली घेतला आणि गप्प बसले. गप्प म्हणजे थांबा. आमचं ठरलेलं होतं.

तेवढ्यात जीपगाडीचं चाक खड्ड्यात गेलं.

मी उसळले. एक हात पोटावर गेला आणि दुसऱ्या हाताने मी समोरची लोखंडी कांब धरली. धरली म्हणजे काय, हात आपटलाच तिच्यावर. बांगड्या अशा वाजल्या, की घरात तेवढ्या वाजल्या असत्या तर अब्बा जेवायला धावतच आले असते.

अब्बांनी गाडी डावीकडे काढली.

मला आजही ते सगळं सावकाश घडल्यासारखं दिसतं. उजव्या हाताला दगडांचा ट्रक, त्याची चाकं माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर फिरत होती. समोर तो रिकामा ट्रक, हॉर्न दाबून धरलेला. अब्बांनाही तो आता दिसला होता, पण त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता तिथेच राहिला. ते नुसते बघत होते. पुढे जाऊन आत शिरायचं म्हटलं तर दगडांच्या ट्रकच्या पुढे आणखी एक ट्रक होता, मध्ये बकरी शिरेल एवढीही जागा नव्हती. ते मला दिसत होतं. अब्बांना दिसत नव्हतं.

"अब्बा! थांबा! मागे घ्या, मागे!"

कुणाचा आवाज होता तो, असं मला क्षणभर वाटलं. गावात मी शेतावरून घरच्यांना हाका मारायची ना, तसा पोटातून आलेला आवाज. अब्बांनी ब्रेकवर उभं राहिल्यासारखा पाय दाबला. जीपगाडी घसरत, तिरकी होत दगडांच्या ट्रकच्या मागे आली. रिकामा ट्रक आमच्या डाव्या अंगाला घासून गेला आणि आमचा डावीकडचा आरसा घेऊन गेला. मग गाडी बंद पडली. धूळ एवढी होती, की आम्ही दोघे एकमेकांना दिसत नव्हतो.

धूळ बसली तेव्हा मी आधी पोटावर हात ठेवून बघितलं. काही दुखत नव्हतं. मनगटातून रक्त येत होतं. चुड्यातल्या बांगड्या फुटल्या होत्या, हिरवी काच मांडीवर पडली होती. सवाष्णीची बांगडी वाढली म्हणायचं, फुटली म्हणायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. माझा नवरा तिकडे वाळवंटात तेलाच्या विहिरीपाशी. मला एकदम रडू फुटलं. इतका वेळ मरणाची भीती वाटली नव्हती, ती काचेचे तुकडे बघून वाटली.

अब्बांनी ते तुकडे एकेक करून उचलले आणि खिडकीतून बाहेर टाकले. "काच आहे ती, पोरी," ते म्हणाले. "काच फुटते. दुसरं काही नाही."

रिकाम्या ट्रकचा ड्रायव्हर पुढे जाऊन थांबला होता. तो पठाण तणतणत चालत आला. शिव्या द्यायलाच आला होता बिचारा, आणि त्याचा हक्कही होता. पण माझ्याकडे पाहून त्याने तोंड आवरलं, परत गेला आणि पाण्याचा डबा घेऊन आला. "बहन, पानी पियो," म्हणाला. मग अब्बांकडे वळून, "चाचा, इतनी जल्दी किस बात की? उम्म अल कुवैन कहीं भागा थोडे ही जा रहा है."

अब्बांनी मान खाली घातली. पठाण गेल्यावर ते गाडीतून उतरले आणि भरावाच्या कडेला सबखाकडे तोंड करून बसले. मी गाडीतच. मला वाटलं, आता हे रागावणार. मी सासऱ्याला हुकूम सोडला होता, तोही ओरडून. आम्मांना कळलं तर गावभर होणार.

ते तसेच पाठमोरे म्हणाले, "एवढा आवाज आहे तुला?"

मी पदर पुढे ओढला.

"मी तुझ्या आम्माला विचारलं होतं, मुलीला बोलता येतं ना? ती म्हणाली, येतं बहुतेक."

मला हसू आलं आणि मी ते पदरात दाबलं. पण त्यांना हसू आलेलं नव्हतं. ते वळले तेव्हा डोळे लाल होते. "खलास," म्हणाले. "ही गाडी मी विकून टाकतो. मुलाला काय तोंड दाखवलं असतं मी? तुम्हा दोघांना..." त्या माणसाने आम्हाला दोघं म्हटलं, माझ्या पोटातल्याला धरून, ते माझ्या फार आत गेलं. आधी कुणी तसं म्हटलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही.

त्यांनी गाडी चालू केली, पण उम्म अल कुवैनपर्यंत ते पहिल्या गिअरमध्येच होते म्हणा ना. प्रत्येक ट्रकच्या मागे मुकाट्याने धूळ खात गेले. माल दिला, पुढची रास अल खैमाची फेरी रद्द केली, परत फिरलो. परतीच्या वाटेवर पुन्हा तोच भराव आणि पुन्हा पुढे ट्रक, पाण्याच्या टाकीचा, बैलगाडीच्या वेगाने चाललेला. अब्बा विचारेचनात. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून त्या टाकीकडे बघत राहिले. बाजूने त्यांचा चेहरा पाहिला तर ते एकदम म्हातारे दिसले मला. घाबरलेलं माणूस किती लवकर म्हातारं होतं! आणि हे असेच घरी पोचले, तर पुन्हा कधी चालवणार नाहीत, हे मला कळत होतं. गाडी गेली की धंदा गेला. मग अब्बांनी गावी जाऊन ओटीवर बसायचं आणि मी देऱ्याला एकटीने, दाराला कडी लावून.

मी बाहेर वाकून पाहिलं. नीट पाहिलं. मग पदर मागे सारला, कारण त्याच्यामुळे एका डोळ्याला दिसत नव्हतं, आणि पुन्हा पाहिलं.

"अब्बा, मोकळं आहे."

त्यांनी ऐकलं, पण गाडी हलेना.

"पुढे एकच ट्रक आहे, त्याच्या पुढे कुणी नाही. समोरून कुणी येत नाही. लांब ते खजुराचं झाड दिसतं ना, तिथपर्यंत सगळं मोकळं आहे. चला."

"नक्की?"

"नक्की. मी बघतेय. चला, यल्ला."

सासऱ्याला यल्ला म्हणणारी कोकणातली मी पहिलीच सून असेन. अब्बांनी गाडी काढली. मी सगळा वेळ बोलत राहिले, मोकळं आहे, अजून मोकळं आहे, झालं, आता घ्या उजवीकडे. टाकी मागे पडली. अब्बांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. देऱ्याला पोचेपर्यंत आम्ही आणखी काही ट्रक मागे टाकले, आणि शारजाजवळ ते विचारत होते, माझ्या माहेरी आंबे कोणते, कलमी की रायवळ. मी सांगत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. "ह्या घरात घाल," म्हणाले. "गाडीत तोंडाने बोलायचं."

पावसाळा संपल्यावर आम्मा परत आल्या. येताना नातवासाठी दुपटी शिवून आणलेली, नात होणार हे तेव्हा कुणाला माहीत होतं! घरात पाय ठेवताच त्यांच्या लक्षात आलं, की सून सासऱ्याशी बोलते. त्यांनी पाण्याचं भांडं जरा जोरात खाली ठेवलं. मी पुन्हा दाराआड गेले आणि बांगड्या वाजवायला लागले. घरात आम्मा असताना अब्बाही मुकाट झाले.

पुढच्या फेरीला तिघे निघालो. आम्मा आपल्या जागेवर, पुढे. मी मागे पोत्यांवर. भरावावर ट्रक आला.

"मोकळं?" अब्बांनी विचारलं.

"बिस्मिल्ला," आम्मा म्हणाल्या.

गाडी हलली नाही.

"बिस्मिल्ला म्हटलं ना!"

गाडीतल्या आतल्या छोट्या आरशात अब्बांचे डोळे दिसत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. ते थांबले होते, मी बोलेन म्हणून. आम्मांनाही ते कळलं. मला वाटलं, पोत्यात तोंड खुपसावं. इकडे सासूचा मान, आणि तिकडे समोरून काय येतंय अल्लाला ठाऊक. मी पुढे सरकले, दोघांच्या मधून वाकले आणि आम्मांच्या खांद्यावरून पाहिलं. एक ट्रक येत होता.

"नाही, अब्बा. थांबा."

ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने गाडी हलली.

"आता मोकळं आहे."

अब्बांनी गाडी काढली. उम्म अल कुवैन येईपर्यंत मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. अब्बा माल द्यायला उतरले तशा आम्माही उतरल्या, मागे आल्या आणि म्हणाल्या, "हो बाजूला. तू जा पुढे. मला पुढे गुडघे आखडतात."

त्यांचे गुडघे खरंच दुखायचे, पण पोत्यांवर मांडी घालून बसण्यापेक्षा पुढची सीट गुडघ्यांना कितीतरी बरी. मी म्हटलं, "आम्मा, माझं चुकलं असेल तर..."

"गप गो." त्यांनी माझा हात धरून पोत्यावर चढून घेतलं आणि तो सोडला नाही. "रस्ता उलटा झाल्यापासून रोज जीव मुठीत घेऊन बसते मी तिथे. ते विचारायचे, मोकळं? माझ्याने बघवतच नव्हतं. डोळे मिटायची नि बिस्मिल्ला म्हणायची. ते म्हणायला एवढी हिंमत लागायची, की पुढे काही उरायचंच नाही." मग हात सोडून म्हणाल्या, "मला भीती वाटते, हे सांगायचं कुणाला? कुणी विचारलंच नाही."

मी पुढे जाऊन डावीकडे बसले. त्यानंतर बाळंतपणापर्यंत आणि नंतर मुलीला मांडीवर घेऊनही मीच तिथे बसायची. अब्बा विचारायचे, "मोकळं?" मी बघून सांगायची, "मोकळं आहे." पण अब्बा लगेच निघायचे नाहीत. मागून पोत्यांवरून "बिस्मिल्ला" आलं, की मगच गाडी काढायचे. तेव्हा आम्मांचे डोळे उघडे असायचे की मिटलेले, ते बघायला मी कधी मागे वळले नाही. मला रस्त्याकडे बघायचं असायचं.